वरचा बेड

शाजीमोनने फ्रिजवर चिकटवलेल्या कागदात
सहावा नियम असा :
भिंतीला खिळा नाही, टेप नाही,
खिडकीबाहेर काहीही टांगायचं नाही.
खिळ्यामागे पन्नास दिरहम, डिपॉझिटमधून.
खाली सही, आणि सहीवर
कुणाच्या तरी चहाच्या कपाचं गोल शिक्कामोर्तब.

शारजात, रोलाच्या मागच्या गल्लीत
माझं घर सहा फूट बाय अडीच आहे,
तेही जमिनीपासून पाच फूट वर.
आई विचारते, हवेशीर आहे ना रे?
म्हणतो, एसीचं तोंड माझ्याकडेच आहे.
खोटं काही बोलत नाही.

जुलैत पार्कर दापोलीची सुट्टी संपवून आला.
त्याच्या बॅगेत आमसुलांच्या पुड्याखाली एक पाकीट :
माझ्या पुतणीने, स्वरांगीने, पाठवलेला झेंडा.
सोबत चिठ्ठी. काका, सगळे लावणार आहेत,
तुम्हीपण तुमच्या घरावर लावा. फोटो पाठवा.
‘घरावर’च्या खाली दोन रेघा.

खानविलकर सरांनी घोटून घेतलेलं आठवत होतं :
केशरी वर, जमिनीला टेकता कामा नये,
चुरगळलेला नको,
आणि त्याचा पडदा, चादर असलं काही करायचं नाही.
म्हणजे एक कागद म्हणतो, टांगू नको.
सर म्हणतात, पडदा करू नको.
आणि माझ्या घराला भिंत म्हणून जे आहे
तो नाडीवर ओवलेला पडदाच.

चौदाच्या रात्री मी वर बसून
टेपने मापं घेत होतो
(मोजायच्या टेपने, चिकटवायच्या नव्हे).
खालून गुल रहमानने फळीला पाय मारला.
मर्दानचा. डिलिव्हरीची व्हॅन चालवतो, पहाटे चारला निघतो.
काय चाललंय वर?
सांगितलं.
थोडा वेळ गप्प राहिला. त्याचाही दिवस होता तो,
संध्याकाळी शेवयांचा डबा फिरवला होता खोलीभर,
कशाबद्दल ते न सांगता.
मग म्हणाला, नियम खिळ्याचा आहे ना?
खिळा नको. मी धरतो.

साडेतीनला, जिन्याजवळच्या ट्यूबलाइटखाली
तो झेंड्यामागे उभा राहिला, हात ताणून,
केशरी वर आहे ना, हे दोनदा विचारून.
कोपरा खाली झुकला की स्वतःच वर ओढायचा.
बाजूला पाण्याचे मीटर, कुणाची तरी सायकल.
तीन फोटो झाले.
चौथ्याला कापडामागून आवाज आला,
आटप भाई, हात भरून आले.

फ्रिजवरच्या कागदात हातांबद्दल
काही लिहिलेलं नाही. नंतर मी नीट वाचून पाहिलं.

झेंडावंदन उरकून आल्यावर स्वरांगीचं उत्तर :
काका, मस्त! पण हे दोन अंगठे कुणाचे?
लिहिलं, खालच्या बेडवाल्याचे.
ती काहीतरी टाइप करते आहे असं
बराच वेळ दिसत राहिलं,
मग थांबलं.

झेंडा घडी घालून ठेवला एसीच्या खोक्यावर.
खोलीत त्याहून उंच काही नाही.

डिसेंबरात मालकाने गच्चीवरून
आपला झेंडा सोडला, थेट दुसऱ्या मजल्यापर्यंत.
त्याची इमारत, त्याचा देश. बोलायचं काय त्यात?
आमची खिडकी नेमकी हिरव्या पट्ट्यामागे आली.
गुल रहमान म्हणाला, हा रंग तुझ्यातही आहे, माझ्यातही.
पार्कर म्हणाला, आधी दिवा लाव, मला दाढी करायचीय.
आठवडाभर आम्ही आठही जण
आरशात शेवाळ धरल्यासारखे दिसत होतो.